शाल-श्रीफळानंतरची कामं

26 जानेवारीला आणि 15 ऑगस्टला जुन्नर-आंबेगावच्या गावोगावी झेंडावंदन झालं की माजी सैनिकांना शाल आणि श्रीफळ दिलं जातं. ही प्रथा चांगली आहे आणि ती चालू राहावी. पण त्याच सैनिकाचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात अडतो. गुडघे दुखत असताना औषधांसाठी त्याला एसटीने पुण्याकडे जावं लागतं. मुलं चाकण-भोसरीला कामाला असतात आणि मळ्यातल्या वस्तीवर म्हातारा-म्हातारी दोघंच उरतात. अशा वेळी जो त्याच्या दारात जातो, त्याने केलेला सन्मान खरा. तो कसा करायचा, ते इथे क्रमाने लिहिलं आहे.

लिहिलं आहे ते दोन्ही तालुक्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी. जुन्नरला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ख्रिस्ती उपासना होत आली आहे, तरी आपण संख्येने आजही थोडेच आहोत. या कामाला थोडी माणसं पुरतात. चार-पाच जण, त्यांत दोन बाया, एक दुचाकी, एक चांगला स्मार्टफोन आणि दोनशे पानी वही, एवढं जमलं की सुरुवात करता येते.

लूकच्या सातव्या अध्यायातला कफर्णहूमचा शताधिपती आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आजारी चाकरासाठी त्याने निरोप धाडला आणि प्रभूने त्याच्या विश्वासाची वाखाणणी चारचौघांत केली. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात पेत्र कर्नेल्य या शताधिपतीच्या घरी गेला. परजातीच्या माणसाच्या घरात पाऊल टाकायचं नाही अशी त्याच्या लोकांची रीत होती, तरी गेला आणि तिथे राहिला. आपल्या कामाची पद्धतही हीच ठेवायची. सैनिकाला चर्चमध्ये बोलावून सत्कार करण्याआधी आपण त्याच्या घरी जायचं.

पहिलं काम : यादी

एकदम तालुका हाती घेऊ नका. आपल्या चर्चपासून दुचाकीवर अर्ध्या तासात पोहोचता येईल तेवढीच गावं धरा. ओतूरच्या मंडळीने नारायणगावची घरं घेऊ नयेत, आणि मंचरच्या मंडळीने आहुप्याची. अंतर वाढलं की फेऱ्या तुटतात, आणि दोनदा जाऊन तिसऱ्यांदा न जाणं हे मुळीच न जाण्यापेक्षा वाईट.

नावं कुठून मिळवायची? ग्रामपंचायतीतून, गावच्या माजी सैनिक संघटनेकडून, आणि पारावर बसणाऱ्या जुन्या माणसांकडून. पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे नोंदी असतात, पण लोकांची खाजगी माहिती ते सहजी देणार नाहीत आणि देऊही नये. तिथे जाऊन आपण काय करणार आहोत ते सांगून ठेवा. पुढे अर्ज घेऊन जाल तेव्हा ती ओळख उपयोगी पडते.

यादीत तीन प्रकारची नावं हमखास सुटतात. एक, सैनिकांच्या विधवा. नवरा गेला की ते घर 'मिलिटरीवाल्याचं' राहत नाही. दोन, वीरमाता आणि वीरपिता. सून माहेरी किंवा शहरात गेलेली असते आणि आईवडील गावात एकटे असतात. तीन, पेन्शन न मिळणारे. पेन्शनीला लागणारी नोकरी पुरी होण्याआधी घरी आलेले जवान गावात असतात आणि ते स्वतःला माजी सैनिक म्हणवून घ्यायलाही संकोचतात. या तिघांची नावं यादीत सगळ्यांत वर घ्या.

जात आणि धर्म बघून यादी करू नका. आपल्या भागातल्या पलटणीतल्या माणसांत मराठा, महार, माळी, धनगर, कोळी, मुसलमान, ख्रिस्ती सगळे आहेत.

दुसरं काम : पहिली भेट

आधी फोन करा. दुपारची जेवणं होऊन चहाची वेळ होते तेव्हा, चारच्या सुमारास जा, म्हणजे दिवस मावळायच्या आत परतता येतं. दोघांनी जावं, चौघांनी नको. घरात एकटी आजी असेल तर महिला मंडळातली एक जण सोबत हवीच.

हाक मारताना हुद्दा वापरा. सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला 'सुभेदारसाहेब' म्हटलं की त्याचा ताठ कणा दिसतो. हुद्दा माहीत नसेल तर गावात त्यांना जे म्हणतात, मेजर, नाना, तात्या, तेच म्हणा. आजीला 'आजी' म्हणा. 'वीरपत्नी' हा शब्द कागदावर असू द्या.

विचारायचं काय? "पलटण कोणती?" हा प्रश्न नेहमी चालतो. भरती कुठे झाली, उस्ताद कोण होते, सगळ्यांत थंडीची पोस्टिंग कुठली, पहिल्या सुट्टीला घरी कसे पोहोचलात, या प्रश्नांवर माणूस खुलतो. लढाईत काय झालं, किती जण मारले, कोण मेलं, हे आपण होऊन कधीही विचारू नका. ज्याला सांगायचं असेल तो चौथ्या-पाचव्या भेटीत आपणहून सांगतो, आणि तेव्हा मध्ये न बोलता ऐकायचं. मोबाईलवर रेकॉर्डिंग नको, फोटो नको. कोणी दारूत बुडालेला, रात्र-रात्र जागा राहणारा, जीव नकोसा झाल्याचं बोलणारा आढळला, तर त्याला उपदेश करू नका. घरच्यांना विश्वासात घ्या, डॉक्टरकडे नेण्याची व्यवस्था करा, आणि 14416 हा 'टेलि-मानस'चा सरकारी मदत क्रमांक घरात भिंतीवर लिहून ठेवा. तो विनामूल्य आहे आणि तिथे रात्रीही कोणीतरी बोलायला असतं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या भेटींत पत्रिका वाटायच्या नाहीत, धर्माचा विषय काढायचा नाही आणि मदतीला कसलीही अट जोडायची नाही. म्हाताऱ्या, अडलेल्या माणसाच्या अडचणीचा फायदा घेणं हे प्रभूला शोभणारं काम नाही. कोणी विचारलं की "तुम्ही हे का करता?", तर खरं ते सांगा: येशूच्या मागे चालतो म्हणून. तेवढं पुरे. प्रार्थना करू का, असं विचारायला हरकत नाही. "नको" म्हणाले तर हसून पाणी पिऊन निघा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जा. घरी येऊन मात्र त्यांचं नाव घेऊन प्रार्थना करा.

तिसरं काम : कागदपत्रांची फाईल

सगळ्यांत जास्त उपयोगाचं काम हेच आहे. जास्त वेळ याला द्या.

बहुतेक घरांत एक काळी लोखंडी ट्रंक असते. नाव, नंबर आणि पलटण पांढऱ्या रंगाने लिहिलेली. तिच्यात डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, जुनी पासबुकं, पदकं आणि लग्नाचा फोटो एकत्र असतात. कागद त्यांच्याच हाताने बाहेर काढू द्या. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढा, अस्सल कागद त्याच दिवशी परत ट्रंकेत ठेवा, आणि झेरॉक्सची एक फाईल घरात, खिळ्याला पिशवीत लटकवून ठेवा. अस्सल कागद आपल्या घरी एका रात्रीसाठीही नेऊ नका.

मग नावं जुळवा. सैनिकाचं नाव, बायकोचं नाव आणि दोघांच्या जन्मतारखा पीपीओवर, आधारवर आणि पासबुकात सारख्या आहेत का, हे एकेक अक्षर लावून बघा. रेकॉर्डमध्ये 'शांताबाई' आणि आधारवर 'शांता', एवढ्याशा फरकावरून नवऱ्यामागे कुटुंब पेन्शन महिनोन् महिने अडते. सैनिक हयात आहे तोवर ही दुरुस्ती सोपी असते. अर्ज त्याच्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो: मराठा लाइट इन्फन्ट्री असेल तर बेळगाव, महार रेजिमेंट असेल तर मध्य प्रदेशातलं सागर, बॉम्बे इंजिनिअर असेल तर खडकी. कोणते कागद जोडायचे ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून घ्या, ते नीट सांगतात. तुमची फेरी वर्षभरात या एकाच कामासाठी झाली तरी तिचं सोनं झालं.

हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. बहुतेकांचा तो नोव्हेंबरात असतो, पण ज्याची पेन्शन 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या पोर्टलवर गेली आहे त्याने मागचा दाखला कधी दिला ते आधी बघा. फोनवरून द्यायची पद्धत अशी: फोनमध्ये 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन ॲप घ्या. आधी फोन चालवणाऱ्याला स्वतःचं आधार आणि चेहरा देऊन नोंद करावी लागते. मग पेन्शनरचा आधार क्रमांक, मोबाईल, पीपीओ क्रमांक आणि खातं भरा. पेन्शन मंजूर करणारं कार्यालय आणि देणारं कार्यालय या दोन रकान्यांत चूक फार होते. स्थलसेनेच्या जवानासाठी मंजुरीच्या रकान्यात संरक्षण विभागाचं 'पीसीडीए (पी) अलाहाबाद' येतं. पेन्शन स्पर्शवर असेल तर देणाऱ्याच्या रकान्यात 'स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद' निवडायचं, बँकेचं नाव नाही. हवाई दल आणि नौदलाची कार्यालयं वेगळी आहेत.

जन्मभर शेतात राबलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. केंद्रावरचं मशीन ते घेत नाही आणि म्हातारा ओशाळतो. अशा वेळी चेहऱ्याची पद्धत बरी. त्यांना ओसरीवर उजेड तोंडावर येईल असं बसवा, टोपी आणि चष्मा काढायला सांगा, फोन डोळ्यांच्या रेषेत धरा आणि "आता डोळ्यांची उघडझाप करा" असं सावकाश सांगा. दोनदा जमलं नाही तर चहा घ्या आणि पुन्हा करा. झालं की मोबाईलवर प्रमाणपत्राचा क्रमांक येतो. तो फाईलच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा. काही दिवसांनी तो मंजूर झाला की नाही हे तपासायला विसरू नका, कारण दाखला भरला म्हणजे स्वीकारला गेला असं नाही. भीमाशंकरच्या आणि नाणेघाटाच्या बाजूच्या वाड्यांत रेंज मिळत नाही. तिथल्या आजोबांना घोडेगावला किंवा जुन्नरला आणायची सोय आधीच ठरवा.

ओटीपी त्यांनी स्वतः बघून सांगावा, आपण तो लिहून ठेवू नये. पासवर्ड, एटीएमचा पिन यांना हात लावायचा नाही. "पेन्शन बंद होईल, नंबर सांगा" असे खोटे फोन माजी सैनिकांना फार येतात. असा फोन आला तर ठेवून द्यायचा, आणि पैसे गेलेच तर लगेच 1930 ला कळवायचं, हे घरातल्या नातवंडांनाही शिकवून ठेवा.

पेन्शन नसलेल्यांसाठी काही दारं उघडी आहेत, पण ती त्यांना ठाऊक नसतात. हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्यावरून आलेल्या, 65 वर्षांवरच्या, पेन्शन नसलेल्या माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा अनुदान मागता येतं. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या, पेन्शन नसलेल्या सैनिकांच्या विधवांसाठी राज्य सरकारचं मासिक सहाय्य आहे. दोन्हींचे अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातात. आणि घरपट्टी: राज्य सरकारने 2020 मध्ये माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घराच्या मालमत्ता करात माफी जाहीर केली. आपल्या यादीतल्या प्रत्येक घराची घरपट्टीची पावती बघा आणि ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे का ते विचारा.

चौथं काम : हातापायांची मदत

ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, 2003 पासून चालू आहे. कार्ड असतं, पण पॉलिक्लिनिकपर्यंत जाणं आणि रांगेत उभं राहणं जमत नाही. मंडळीतल्या ज्याला पुण्याला जायचंच आहे त्याने आधी वहीत बघावं, कोणाची तारीख जवळ आहे. सोबत न्या, रांगेत त्यांच्या जागी उभे राहा, औषधं घरी आल्यावर सकाळ-दुपार-रात्र अशी वेगळी करून मोठ्या अक्षरांत लिहा. कँटीनचं सामान आणायचं असेल तर पिशव्या उचलायला एक तरणा पोरगा पुरतो.

बिबट्याचा प्रश्न आपल्याकडे जीवावरचा आहे. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. उसाच्या फडांत बिबटे राहतात आणि वस्तीवरचं म्हातारं माणूस पहाटे किंवा रात्री एकटं बाहेर पडतं. तरुण संघाने एका शनिवारी जाऊन घराभोवतीचं गवत आणि झुडपं काढावीत, संडासच्या वाटेवर बल्ब लावून द्यावा, कुत्र्याला आणि शेळ्यांना बंदिस्त जागा करावी, दाराला आतून नीट कडी बसवावी. चार तासांचं काम आहे. त्यानंतर आजीला रात्री बाहेर जायला भीती कमी वाटते, आणि मुलगा चाकणला निश्चिंत झोपतो.

पैशाची मदत शक्यतो टाळा. देणं भागच असेल तर पाळकांमार्फत द्या आणि कोणाला दिली ते उपासनेत बोलू नका. मत्तयच्या सहाव्या अध्यायात दानाबद्दल प्रभूने जे शिकवलं आहे ते इथे शब्दशः पाळायचं.

पाचवं काम : वर्षाच्या तारखा

7 डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन, 1949 पासून पाळला जातो. त्या निधीला द्या, अधिकृत पावती घ्या. 25 डिसेंबरला आपल्या घरी करंज्या, शेव, चकल्या होतातच. नाताळाचा पहिला डबा यादीतल्या घरांत जाऊ द्या. गोडाची मनाई असलेल्यांसाठी चकली आणि शेव वेगळी काढा.

14 जानेवारी हा माजी सैनिक दिन. फील्ड मार्शल करिअप्पा 1953 साली याच तारखेला निवृत्त झाले. त्याच सुमारास संक्रांत असते, म्हणून त्या दिवशी तिळगूळ घेऊन जाणं सगळ्यांत सोपं. संडे स्कूलची मुलं सोबत न्या. जाण्याआधी त्यांना शिपाई नामदेव जाधव यांची गोष्ट सांगा. जुन्नरला लागून असलेल्या संगमनेर तालुक्यातल्या निमजचा हा मराठा पलटणीचा जवान. 9 एप्रिल 1945 ला इटलीत सेनिओ नदीवर त्याने गोळ्यांच्या वर्षावात आपले जखमी सोबती पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून वाहून आणले, मग शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मुलांना विचारा, त्याने आधी काय केलं? आधी जखमींना उचललं.

चर्चमध्ये बोलवायचं असेल तर उपासना तासाभराची ठेवा. पाठ टेकता येईल अशा खुर्च्या पुढच्या रांगेत, पाणी हाताशी, संडासची वाट जवळ. पाहुण्यांना भाषणाची सक्ती नको, पुढाऱ्यांची भाषणं तर नकोतच. पाळकांनी नावं आणि पलटणी वाचाव्यात, परत न आलेल्यांसाठी दोन मिनिटं उभं राहावं, मध्यस्थीची प्रार्थना व्हावी आणि मग सगळ्यांनी मिळून जेवावं. नावांचे उच्चार आदल्या दिवशी घरच्यांकडून तपासून घ्या.

वर्षातून एकदा खडकीला जाता आलं तर दोन जागा धरा. एक, पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर. पाठीच्या कण्याला मार लागून व्हीलचेअरवर आलेले जवान तिथे राहतात. आधी पत्र लिहून परवानगी घ्या, थोडे जण जा, कॅरोल म्हणा आणि मग गाणी थांबवून त्यांच्याशी बोला. दुसरी, खडकी वॉर सिमेटरी. दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजारांहून अधिक सैनिकांच्या कबरी तिथे आहेत. आपल्या गावच्या ख्रिस्ती दफनभूमीतही एखादा फौजी असेल. त्याच्या कबरीवरचं गवत काढा, चुना द्या, नाव पुसट झालं असेल तर घरच्यांना विचारून पुन्हा लिहा. पुणे, सातारा, अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) या भागांत काही गावांत पहिल्या महायुद्धाचा दगड आहे, गावातून किती गेले आणि किती मेले हे कोरलेला. तो सापडला तर नुसत्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. ॲसिड, तारेचा ब्रश आणि ऑइलपेंट वापरू नका. अक्षरं कायमची जातात.

शेवटचं काम : निरोपानंतर

यादीतलं माणूस जाईल तेव्हा घरात रडारड असते आणि कागद कोणी बघत नाही. दहाव्यापर्यंत थांबा, मग महिला मंडळातल्या ओळखीच्या बाईने विषय काढावा. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत 21 दिवसांच्या आत व्हायला हवी. दाखल्याच्या चार-पाच प्रती घ्या. बँकेला आणि पेन्शन कार्यालयाला कळवा, कारण नंतर जमा झालेली पेन्शन परत द्यावी लागते आणि तो भार विधवेवर येतो. फाईल तयार असेल तर कुटुंब पेन्शनचा अर्ज त्याच आठवड्यात जातो. आजीच्या घरची फेरी मात्र चालू ठेवा, निदान वर्षभर दर आठवड्याला.

वहीत प्रत्येक घराला दोन पानं द्या: भेटीची तारीख, कोण गेलं, काय काम निघालं, ते कधी झालं. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर दहा मिनिटं वही उघडा आणि राहिलेली कामं वाटून घ्या. पाळकांनो, आपल्या मंडळीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि उठण्याआधी पहिल्या दोन घरांची नावं आणि तिथे जाणाऱ्यांची नावं ठरवा. नोव्हेंबर यायच्या आत त्या दोन घरांच्या फाईली तयार झाल्या पाहिजेत.